कॅन हातानं कसे चेपावेत, आणि चेपण्याआधी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावातला महिलांचा बचत गट आसपासच्या रिसॉर्ट आणि ढाब्यांवरून थंड पेयांचे रिकामे कॅन गोळा करतो. आठवड्याला चारशे-साडेचारशे निघतात. मशीन घ्यायची सध्या ऐपत नाही. हातानं चेपायची नीट पद्धत कोणती, घरच्या घरी काही साधन करता येईल का, आणि कबाडी म्हणतो की "चेपलेला माल नको, भाव कमी लागेल", हे खरं आहे का?

ताई, आधी कबाड्याचं बोलणं घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. चेपल्यानं धातूची किंमत कमी होत नाही. पण चेपलेल्या कॅनच्या आत काय आहे ते दिसत नाही. वाळू, खडे, पाणी, सिगारेटची थोटकं, सगळं आत दडून वजनात येतं. ज्याला एकदा असा माल मिळाला, तो पुढं प्रत्येक चेपलेल्या पोत्याकडं संशयानंच बघतो आणि सरळ कडता, म्हणजे वजनात घट, कापतो. म्हणजे त्याला चेपण्याचं वावडं नाही, त्याला ओल आणि मातीची भीती आहे. ती गेली की भाव न चेपलेल्या मालाइतकाच मिळायला हवा.

मग चेपायचं कशाला? फक्त वाहतुकीसाठी आणि जागेसाठी. युरियाच्या ४५ किलोच्या रिकाम्या चुंगडीत (पोत्यात) न चेपलेले कॅन साधारण ९० ते १०० मावतात. वजन भरतं जेमतेम सव्वा किलो. तेच चेपून भरले तर साडेतीनशे ते चारशे बसतात, म्हणजे पाच किलोच्या आसपास. तुमचे महिन्याचे अठराशे कॅन धरले तर न चेपता एकोणीस चुंगड्या होतात, चेपले तर पाच. काळीपिवळीवाला भाडं चुंगडीमागे घेतो, किलोमागे नाही, तेव्हा फरक लगेच कळेल. कबाडी दारावर येऊन उचलत असेल आणि तुमच्याकडं गोठ्यात जागा असेल, तर चेपायची घाई करू नका. त्याला तसाच माल द्या, काट्यावर वाद होणार नाही.

वजनाचा अंदाज हाताशी असू द्या. ३०० ते ३३० मिलीचा कॅन १३-१४ ग्रॅम भरतो, किलोत ७५ च्या आसपास बसतात. एनर्जी ड्रिंकचा उंच, बारीक २५० मिलीचा कॅन १०-११ ग्रॅम, म्हणजे किलोत पंचाण्णव. ५०० मिलीचा १६-१७ ग्रॅम, किलोला साठ. पोतं भरताना नग मोजले की काट्यावर किती यायला हवं ते आधीच कळतं.

आता ओल. कॅन रिकामा दिसला तरी तळाशी चमचाभर गोड पाणी राहतंच. एका कॅनमध्ये पाच मिली धरा, किलोभर कॅनमागे पावणेचारशे ग्रॅम पाणी झालं. एवढं पाणी कोण धातूच्या भावानं घेईल? आणि भावापेक्षा मोठी गोष्ट पुढं भट्टीवर आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, भट्टी त्याहून गरम असते. चेपलेल्या घडीत अडकलेलं पाणी त्या रसाच्या खाली गेलं की क्षणात वाफ होऊन शेकडो पटींनी फुगतं आणि वितळलेला धातू उडवतं. भट्टीवरच्या माणसाचं तोंड भाजतं, डोळे जातात. म्हणून ओला कॅन चेपायचा नाही. चेपला की ती ओल आतच कोंडली गेली, मग चार दिवस उन्हात ठेवला तरी घडीतलं पाणी लवकर निघत नाही.

गोळा करून आणलेल्या दिवशीच कॅन पालथे करा. इथं एक बारीक गोष्ट आहे. कॅन सरळ पालथा ठेवला तर सगळं पाणी निघत नाही. झाकण कडेपेक्षा थोडं आत बसवलेलं असतं आणि प्यायचं भोक एका बाजूला असतं. त्यामुळं भोकाची बाजू खाली येईल असा तिरका टेकवून ठेवायचा. जुन्या बाजेच्या विणीत कॅन तिरके अडकवले की काम छान होतं, खालून हवाही लागते. आत अर्धा कप पाणी घालून एकदा खळबळलं तर मुंग्या, माश्या, गांधीलमाश्या येत नाहीत. त्यासाठी चांगलं पाणी वाया घालवू नका, भांडी विसळलेलं दुसरं पाणी चालतं. चकचकीत धुवायची गरज नाही, भट्टीत रंगही जळतो आणि आतला पातळ प्लास्टिकचा थरही जळतो. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, हिवाळ्यात दोन. पावसाळ्यात ओसरीत चार दिवस धरा. वाळला का हे पाहायला कॅन कानाजवळ हलवा. आवाज आला तर पाणी आहे, नाहीतर खडा आहे. दोन्ही काढायचे.

कॅनच्या बुडाकडंही बघा. बूड आत वळलेलं, वाटीसारखं असतं. घरामागं सांदवाडीत उघड्यावर पालथे ठेवलेले कॅन पाऊस पडला की या वाटीत पाणी धरतात आणि आठवड्यात त्यात डासांच्या अळ्या होतात. पावसाळ्यात कॅन छपराखालीच हवेत.

यानंतर निवड. आपल्याकडं बोलताना सगळ्यालाच "टिन" म्हणतात, पण बहुतेक थंड पेयांचे कॅन ॲल्युमिनियमचे असतात, आणि काही रसांचे, दुधाच्या पावडरीचे, अननसाचे डबे कथिल चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जुन्या स्पीकरचं चुंबक आणा आणि प्रत्येक कॅनच्या अंगाला लावा. झाकणाला लावू नका. लोखंडी अंगावर ॲल्युमिनियमचं झाकण असलेले कॅनही येतात, तिथं फसगत होते. चुंबक नसेल तेव्हा अंगावरची उभी सांधपट्टी शोधा: ॲल्युमिनियमचा कॅन एका पत्र्यातून ओढून काढलेला असतो, त्याला उभा सांधा नसतो. चुंगडीत दोन-चार लोखंडी डबे सापडले की कबाडी सगळं पोतं "मिक्स" ठरवतो.

घरातली जर्मनची जुनी भांडी, खिडकीचे सेक्शन, विजेची तार हेही ॲल्युमिनियमच, पण कॅनच्या पोत्यात टाकू नका. कॅनचा मिश्रधातू वेगळा, त्यांचा गिऱ्हाईक वेगळा आणि भावही वेगळे. एकत्र दिलं की सगळं सर्वांत कमी भावात जातं. डिओ, डास मारायचा फवारा, शेव्हिंग फोम यांचे डबे मात्र चेपायच्या ढिगात कधीच नको. आत गॅस उरलेला असतो, डबा फुटतो आणि गॅस पेटणारा असतो. न उघडलेला, फुगलेला कॅनही चेपायचा नाही. मे महिन्यात चंद्रपूरकडच्या उन्हात असा कॅन नुसता ठेवला तरी फुटू शकतो. सावलीत न्या, फडक्यानं धरून कडी हळू उचला, गॅस जाऊ द्या, ओता, मग बाकीच्यांत मिसळा.

ओढायची कडी तोडून वेगळी ठेवायची का, असंही पुष्कळ जण विचारतात. नाही. कडी ॲल्युमिनियमचीच आहे, तिला वेगळा भाव नाही, आणि तोडताना बोटं कापतात. फक्त ती आडवी दाबून टाका, म्हणजे चेपताना वर येऊन टोचत नाही.

आता प्रत्यक्ष चेपणं. कॅनची भिंत वहीच्या पानाइतकी पातळ असते, मिलिमीटरचा दहावा भाग. झाकण तिच्या दुप्पट जाड. तरीही धड, पोचा नसलेला कॅन उभा ठेवला तर तो ९०-१०० किलोपर्यंतचा सरळ दाब सोसतो, मोठं माणूस हळूच उभं राहिलं तरी पेलतो. ताकद सगळी गोल आकारात आहे. गोलाला एक पोचा पडला की ती ताकद संपली, मग लहान पोरानंही चेपावा. म्हणून जोर लावण्याआधी पोचे पाडायचे, हीच सगळी युक्ती. जे पोचा न पाडता पाय देतात त्यांचा कॅन आधी अजिबात हलत नाही, मग अचानक बसतो, आणि घोटा मुरगळतो.

हातानं करायचं तर कॅन आडवा धरा, भोक तोंडापासून दूर. दोन्ही अंगठे बरोबर मधोमध ठेवून दाबा, अंगठ्याएवढा खड्डा पडेल. कॅन एक तृतीयांश फिरवा, त्याच उंचीवर दुसरा पोचा. पुन्हा फिरवा, तिसरा. तिन्ही एका रेषेत यायला हवेत. मग एक हात झाकणावर, एक बुडावर ठेवून ओलं लुगडं पिळतात तसं दोन्ही टोकं उलट दिशांना पाव वळसा फिरवा. भिंतीला तिरक्या घड्या पडताना हाताला जाणवतात. घड्या पडल्या की पिळ न सोडता दोन्ही हात एकमेकांकडं दाबा, कॅन चकतीसारखा बसतो. जाडी इंचभर राहते. त्याहून कमी करायच्या नादी लागू नका. बुडाची वाटी आणि झाकणाची कड हे सर्वांत कडक भाग आहेत, आतला गॅसचा दाब सोसायला तसे केलेले असतात, हातानं ते सपाट होत नाहीत.

पोचे वरखाली पडले तर कॅन कोपरासारखा एका बाजूला वाकतो. असा वाकला तर सरळ करून पुन्हा वाकवू नका. या पत्र्याला पुढंमागं वाकवलेलं सोसत नाही, दोन-तीन वेळांत घडीवर तडा जातो, आणि फाटलेली कड ब्लेडसारखी चालते. वाकलेला तसाच पायाखाली घाला.

पिळायची रीत वीस-पंचवीस कॅनपुरती ठीक. शंभर कॅन रोज पिळले तर अंगठ्याचा सांधा आणि मनगट धरतं, हे काम करणाऱ्या बायकांची पहिली तक्रार हीच असते. मोठ्या ढिगाला पाय वापरा. पोचे हातानं पाडायचे, दोनच पुरतात, समोरासमोर. मग कॅन फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर उभा ठेवायचा, तोंड वर. तोंड खाली ठेवलं तर भोक फरशीनं बुजतं, आतली हवा कोंडते आणि कॅन बाजूला उडतो. एक हात भिंतीला धरा, बुटाचा मधला भाग कॅनच्या बरोबर वर येऊ द्या आणि वजन सरळ खाली सोडा. उडी नको, आपटणं नको. शेणानं सारवलेल्या अंगणात हे करू नका, कॅन जमिनीत रुततो आणि घड्यांत माती भरते, म्हणजे पुन्हा कडता.

पायात जाड तळव्याचा बंद बूट हवा. चपलेवर हे काम करू नये, रबरी तळवा कॅनच्या कडेवर घसरतो. हातात बांधकामावर मिळतात ते रबर लावलेले मोजे घाला, सुती मोज्यातून पत्रा आरपार जातो. कापलं तर साबणानं धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, कॅन कुठल्या कचऱ्यातून आला ते आपल्याला माहीत नसतं. लहान मुलांना या कामाला बसवू नका. आडव्या कॅनवर टाच मारून तो बुटाला अडकवायचा खेळ मुलं करतात, त्यात पाय घसरून पडतात.

आठवड्याला चारशेच्या पुढं माल असेल तर धुम्मस काढा. बांधकामावर भुई ठोकायला असते तीच, सहा-सात किलोची, खाली सपाट लोखंडी पाटी असलेली. कॅन उडू नये म्हणून शेतातल्या ९० मिमी पीव्हीसी पाइपचा एक फुटाचा तुकडा घ्या. ७५ मिमीचा घेऊ नका: कॅन ६६ मिमीचा असल्यानं आत नीट जातो, पण चेपल्यावर घड्या बाहेर फुगतात आणि चकती पाइपात अशी बसते की ठोकून काढावी लागते. ९० मध्ये ती सुटी राहते. पाइप फरशीवर उभा धरायचा, वरून पोचा पाडलेला कॅन सोडायचा, मग ठोका. धुम्मसची पाटी पाइपात जात नसेल तर जुनं मुसळ वापरा. दोन-तीन ठोक्यांत कॅन बसतो, पाइप उचलला की चकती फरशीवर राहते. पाइप धरणारा हात खालच्या बाजूला असावा, वरच्या तोंडाजवळ नको. आणि ते मुसळ पुन्हा धान्याला लावू नका.

याहून सोयीचं हवं असेल तर गावातला सुतार आणि वेल्डिंगवाला मिळून एक दांडा करून देतील. बाभळीचा किंवा सागाचा दीड फूट लांब, पाच इंच रुंद, दोन इंच जाड ठोकळा ओट्याच्या काठाशी पक्का बसवायचा. त्याच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी अँगल उभे करून, ठोकळ्याच्या पृष्ठभागापासून तीन इंच उंचीवर १२ मिमीचा बोल्ट आडवा घालायचा. त्यावर चार फूट लांब दांडा फिरतो आणि ओट्याच्या बाहेर येतो. कॅनची जागा बोल्टपासून आठ इंचांवर. तिथं ठोकळ्यावर ७५ मिमी पाइपची बोटभर उंचीची कडी खिळ्यांनी बसवा, कॅनचं बूड त्यात बसतं आणि घसरत नाही. बुडाजवळची घडी कडीच्या वर पडते, म्हणून इथं ७५ चालतो. हातानं वीस किलोच्या आसपास दाब दिला की कॅनवर शंभरच्या पुढं जातो. पोचा पाडलेला असेल तर त्याच्या निम्मासुद्धा लागत नाही.

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, बोल्टऐवजी दाराची बिजागरी लावतात. दांडा खाली दाबताना बिजागरी वर ओढली जाते, त्या ओढीचं वजन शंभर किलोच्या आसपास होतं, आणि आठ दिवसांत लाकडातले स्क्रू उपटून येतात. दुसरी, बोल्ट ठोकळ्याच्या सपाटीवरच ठेवतात. मग दांडा कॅनवर तिरका येतो आणि कॅन पुढं सटकतो. तीन इंचांची उंची त्यासाठीच आहे. दांडा वापरात नसताना वर बांधून ठेवा, नाहीतर ये-जा करणाऱ्याच्या गुडघ्याला लागतो.

काम सकाळीच उरका. एप्रिल-मे मध्ये अकरानंतर उन्हातला कॅन हातात धरवत नाही. पोत्यात हात घालण्याआधी पोतं फरशीवर उलटं करा. गोड वासानं मुंग्या येतात, मुंग्यांमागून पाली, आणि अंधारात विंचूही असतो.

चेपलेले तुकडे, फाटलेल्या पट्ट्या अंगणात राहू देऊ नका. गुरं चाटताना गिळतात. गाईच्या पोटातली तार, खिळा धरायला जनावरांचे डॉक्टर चुंबक देतात, पण ॲल्युमिनियम चुंबकाला धरत नाही, तिथं तो उपाय चालणार नाही. काम संपलं की झाडून घ्या आणि झाडलोट वेगळ्या डब्यात टाका, उकिरड्यावर नको.

कॅन जाळून रंग काढू नका, आणि घरी वितळवायच्या फंदात तर पडूच नका. पातळ पत्रा उघड्या आगीत वितळण्याआधीच हवेशी जळून राख धरतो, हाती येतो तो मळीचा गोळा, आणि धूर वेगळा. किलोभर नवं ॲल्युमिनियम करायला नुसती वीजच चौदा-पंधरा युनिट जाते, जुनं वितळवायला त्या मानानं अगदी थोडी ऊर्जा पुरते. चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख ज्यांच्या ओट्यावर पडते त्यांना याचा अर्थ सांगायला नको. तो धातू तुमच्या चुलीत घालवण्यापेक्षा भट्टीपर्यंत धड पोचू द्या.

विकताना आधी एक चुंगडी नमुना म्हणून न्या आणि चकती हवी की आडवा चपटा कॅन हवा ते विचारा. ज्या व्यापाऱ्याकडं गठ्ठे बांधायचं प्रेस आहे तो कधी कधी आडवे चपटेच मागतो, कारण ते एकमेकांत अडकतात, चकत्या गठ्ठ्यातून निसटतात. तसं असेल तर कॅन आडवा ठेवून मधोमध एकदा पाय द्यायचा, दोन्ही टोकं तशीच राहू द्यायची. हे काम निम्म्या वेळात होतं, पण एका चुंगडीत कॅन थोडे कमी बसतात. आतलं दिसत असल्यामुळं काट्यावर घासाघीसही कमी होते. तुमच्या कबाड्याचा नकार आहे तोवर मी आधी याच रीतीनं माल दाखवायला सांगेन, विश्वास बसला की चकत्यांवर या.

ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो, माल आटतो आणि हवा ओली होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत साठा काढून टाका. उरलाच तर चुंगड्या भिंतीपासून वीतभर दूर, दोन विटांवर फळी टाकून ठेवा. चुंगडीवर नगांची संख्या आणि वजन खडूनं लिहा. तोंड दाभणानं शिवू नका, सुतळीची सुटी गाठ मारा, काट्यावर पोतं उघडून ओतून दाखवायचं असतं.